स्विचच्या आधी जागा झालेला स्क्विड

प्रकरण एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाचं आहे. कॉम्प्युटर लॅब आणि ग्रंथालय मिळून ४६ मशीन, आणि या सगळ्यांचं इंटरनेट एकाच प्रॉक्सी सर्व्हरमधून, म्हणजे मधल्या मध्यस्थ मशीनमधून जातं. सर्व्हर म्हणजे एक जुना टॉवर. त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि उबुंटूवर स्क्विड, म्हणजे प्रॉक्सीचं काम करणारा प्रोग्रॅम. मी तिथे नोकरीला नाही. आठवड्यातून एकदा जातो, बाकीचं घरून एसएसएचने (दुरून लॉगिन करून) बघतो.

आजकाल प्रॉक्सीचा उपयोग तरी किती, असा प्रश्न कुणीही विचारेल, आणि तो रास्त आहे. बहुतेक साइट एचटीटीपीएसवर गेल्यापासून स्क्विडला आतला मजकूर दिसत नाही. तो नुसती वाट जोडून देतो. त्यामुळे पानं साठवून वेग वाढवण्याचा जुना फायदा फारसा उरलेला नाही. इथे मात्र दोन कामं अजून त्याच्यावर आहेत. एक, कुठलं मशीन कुठे जातंय याची नोंद ठेवणं. दुसरं, लॅबमधल्या उबुंटू मशीनची अपडेट. ती पॅकेजेस अजून साध्या एचटीटीपीने येतात, त्यांची खात्री डिजिटल सहीवरून होते. म्हणजे एका मशीनने उतरवलेलं पॅकेज स्क्विड बाकीच्यांना आपल्या डिस्कवरून देऊ शकतो. गावातल्या लाइनवर हा फरक डोळ्यांना दिसतो. (त्यासाठी साठवायच्या फाइलची कमाल मर्यादा वाढवावी लागते. मूळ मर्यादा फक्त ४ एमबी असते, आणि ती ओळ कॅश डिरेक्टरीच्या ओळीच्या वर लिहावी लागते. खाली लिहिली तर त्या डिरेक्टरीला लागूच होत नाही. पुष्कळ जण इथे फसतात.)

तक्रार सुरू झाली शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत. सकाळी लॅब उघडली की फायरफॉक्सवर एकच संदेश: प्रॉक्सी सर्व्हर कनेक्शन नाकारतोय. बाहेर पोरांची रांग. लॅबचे मामा मशीनचं बटण दाबून ते बंद करायचे, पुन्हा चालू करायचे, आणि सगळं सुरळीत व्हायचं. मग ग्रंथपाल मॅडमचा मला फोन. मी लॉगिन करून बघेपर्यंत स्क्विड मजेत चाललेला.

आधी वाटलं, कुणीतरी सर्व्हिस डिसेबल केली असेल. सिस्टिमसीटीएलला (सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या कमांडला) विचारलं, उत्तर आलं: एनेबल्ड. म्हणजे सिस्टिम सुरू होताना स्क्विड उठवायचा, अशी नोंद जागेवर होती. घरूनच सर्व्हर रीबूट केला. स्क्विड आपोआप उठला. आणखी दोनदा रीबूट केला, दोन्ही वेळा उठला. मी मॅडमना सांगितलं की आता काही अडचण दिसत नाही. दोन दिवसांनी रात्री लाईट गेली, पहाटे आली, आणि सकाळी तोच संदेश, तीच रांग.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही: रीबूट केला की चालतंय, आणि लाईट जाऊन आली की बंद पडतंय. दोन्हीत सर्व्हर पहिल्यापासून सुरू होतो. मग फरक कशात?

तो फरक मामांनी सांगितला. मी लॅबमध्ये गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, आधी असं होत नव्हतं. आधी मी आल्यावर कॅबिनेटचा स्विच लावायचो, चहा घेऊन यायचो, मग मशीनचं बटण दाबायचो. आता लाईट आली की मशीन आपलं आपणच चालू होतं."

ते आपलं आपण चालू होणं माझंच काम होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी बायोसमध्ये जाऊन, वीज गेल्यानंतर परत आली की मशीन चालू व्हावं, अशी सेटिंग करून ठेवली होती. मामा रजेवर असले तरी लॅब अडू नये, एवढाच हेतू. मामांच्या रोजच्या कामात नेटवर्कचा स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथे जुळतात तो डबा), चहा, मशीन हा क्रम होता. तो क्रम कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेला नव्हता, आणि स्क्विड त्याच्याच जोरावर चालत होता. सेटिंग बदलली आणि तो क्रम गेला.

लॉगमध्ये काय दिसलं

आता कुठे बघायचं ते कळलं. मामा मशीन बंद-चालू करत असल्यामुळे बिघडलेला बूट हा नेहमी मागचा बूट असायचा. जर्नलसीटीएलला (सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला) उणे एक असा आकडा दिला की मागच्या बूटच्या नोंदी मिळतात, फक्त जर्नल डिस्कवर साठवलेलं असायला हवं. इथे ते होतं. घड्याळाच्या वेळेऐवजी बूट झाल्यापासूनचे सेकंद मागवले. लाईट गेलेल्या जुन्या मशीनच्या घड्याळावर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं.

११व्या सेकंदाला स्क्विड सुरू झाला होता. त्याच सेकंदाला त्याची तक्रार: १९२.१६८.१०.५ या पत्त्यावर ३१२८ पोर्ट (स्क्विड ज्या दारावर ऐकतो ते) उघडता येत नाही, एरर ९९. एरर ९९चा लिनक्सवरचा अर्थ सरळ आहे: तू मागतोस तो पत्ता या मशीनकडे नाही. स्क्विडने आपल्या पद्धतीने पटापट काही वेळा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. आणि १२७व्या सेकंदाला नेटवर्ककडून एक शांत ओळ होती: आतल्या, म्हणजे लॅबकडच्या नेटवर्क कार्डाला कॅरिअर (केबल जिवंत असल्याचा संकेत) मिळाला.

म्हणजे सर्व्हर एसएसडीवरून ११ सेकंदांत तयार, आणि कॅबिनेटमधला मॅनेज्ड स्विच स्वतः बूट व्हायला दोन मिनिटं घेणारा. दोघांनाही वीज एकाच क्षणी मिळते. स्विच उठेपर्यंत सर्व्हरच्या केबलमध्ये जीव नसतो. या सर्व्हरवर नेटवर्क सांभाळणारा सिस्टिमडी-नेटवर्कडी (सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीचाच एक भाग) लिंक आल्याशिवाय कार्डाला पत्ता देत नाही, मग पत्ता स्टॅटिक, म्हणजे कायमचा नेमून दिलेला असला तरीही. मी घरून रीबूट करायचो तेव्हा स्विच चालूच असायचा, म्हणून माझ्या तिन्ही चाचण्या पास झाल्या.

स्क्विड कधी आणि कसा सुरू करायचा ते सिस्टिमडीला सांगणारी युनिट फाइल उघडली. माझ्या आधी इथे काम बघणाऱ्यांनी स्क्विड सोर्समधून कंपाइल केला होता आणि ही फाइल हाताने लिहिली होती. तिचा गाभा एवढाच:

आफ्टर=नेटवर्क.टार्गेट
टाइप=फोर्किंग
एक्झेकस्टार्टप्री=स्क्विड -झेड
एक्झेकस्टार्ट=स्क्विड

पहिलीच ओळ वाचणाऱ्याला फसवते. नेटवर्क.टार्गेटच्या नंतर म्हणजे नेटवर्क आल्यानंतर, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारी व्यवस्था सुरू झाली आहे. कार्डाला पत्ता मिळाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. या टार्गेटचा खरा उपयोग बंद होताना असतो: नेटवर्क जाण्याआधी सर्व्हिस थांबवली जाते.

त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याचं गृहीतक जुन्या काळात बरोबर होतं. पूर्वी लिनक्स सुरू व्हायचा तो एकामागून एक चालणाऱ्या स्क्रिप्टने. नेटवर्कची स्क्रिप्ट स्टॅटिक पत्ता कार्डाला चिकटवून मोकळी व्हायची, समोर केबल जिवंत आहे की नाही ते न बघता. मग स्क्विड यायचा आणि त्याला पत्ता तयार मिळायचा. सिस्टिमडी २०१०मध्ये आला, डेबियन आणि उबुंटूत तो २०१५मध्ये मूळ व्यवस्था झाला, आणि तेव्हापासून सगळं शक्य तितकं एकाच वेळी सुरू होतं. ज्याला क्रम हवा त्याने तो लिहून मागायचा. स्क्विड स्वतः १९९६पासूनचा, त्याच्या कॉन्फिगरेशनच्या सवयी जुन्या जगातल्या. फाइल नव्या जगात आली, गृहीतक मागच्या जगातलंच राहिलं.

तीन वाटा

पहिली वाट सगळेच सांगतात: नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेटची (नेटवर्क खरंच आल्याच्या खुणेची) वाट बघायला लावा. त्यात दोन ओळी लागतात, आफ्टर आणि वॉन्ट्स. नुसती आफ्टर लिहिली तर ते टार्गेट कुणी ओढून आणल्याशिवाय येतच नाही, आणि क्रमाला काही अर्थ उरत नाही. पण इथे मला ही वाट पटली नाही. वाट बघणाऱ्या सर्व्हिसची मूळ मुदत १२० सेकंद, आणि आमचा स्विच १२७व्या सेकंदाला लिंक देतो. मुदत संपली की स्क्विड तसाच पुढे जाणार आणि त्याच भिंतीवर आपटणार. मुदत वाढवता येते. पण सर्व्हरला दोन कार्डं आहेत, बाहेरचं राउटरला जातं, आणि ही वाट साधारणपणे दोन्ही कार्डांची बघितली जाते. राउटर बिघडला की आतल्या मशीनना प्रॉक्सीसुद्धा उशिरा मिळणार.

दुसरी वाट: स्क्विडला पत्ता न देता नुसत्या ३१२८ पोर्टवर, सगळ्या कार्डांवर ऐकायला लावणं. मग पत्ता नसला तरी चालतं. पण मग बाहेरच्या कार्डावरही तो ऐकणार. त्याला फायरवॉल आणि स्क्विडच्या परवानगीच्या ओळी अडवतील, हे खरं. तरी उघडा प्रॉक्सी (बाहेरचा कुणीही वापरू शकेल असा) म्हणजे काय हे ज्याने एकदा पाहिलंय तो हा भार एकट्या फायरवॉलवर टाकणार नाही. आधीच्या माणसाने पत्ता बांधला होता तो विचार करूनच, आणि मला तो मोडायचा नव्हता.

तिसरी वाट घेतली. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची एक सेटिंग आहे, आयपी-नॉनलोकल-बाइंड. ती १ केली की प्रोग्रॅमला अजून न आलेल्या पत्त्यावरही पोर्ट उघडता येतो. सर्व्हिसेस सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ती लागू होते. स्क्विड ११व्या सेकंदाला त्या पत्त्यावर कान लावून बसतो, आणि दोन मिनिटांनी पत्ता आला की लगेच उत्तर देऊ लागतो. याची किंमतही आहे. पत्ता लिहिताना चूक झाली तर आता एरर येणार नाही, स्क्विड नसलेल्या पत्त्यावर गुपचूप ऐकत बसेल. म्हणून कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्या ओळीच्या वर मी तसं लिहून ठेवलं.

दुखणं एकच नव्हतं

कॅबिनेटची वीज काढून पाहिलं. स्क्विड उठला, पानं उघडली, मी समाधानाने घरी आलो. पुढच्या भेटीत लॅबची अपडेट लावली आणि ती कासवाच्या गतीने चालली. प्रत्येक मशीन तेच पॅकेज बाहेरून आणत होतं. स्क्विडच्या कॅश लॉगमध्ये ओळ होती: डिस्कवरून साठा पुन्हा उभारणं पूर्ण, तपासलेल्या नोंदी शून्य. डिस्कवर तर कित्येक जीबी भरलेले होते.

कॅशसाठी वेगळी, फिरणारी जुनी डिस्क होती. फाइल सिस्टिमच्या तक्त्यात तिच्यापुढे नोफेल लिहिलेलं. डिस्क रुसली तरी सर्व्हरचं बूट अडू नये म्हणून ते लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण नोफेलचा दुसरा अर्थ असा की बाकीचं बूट या डिस्कसाठी थांबत नाही. मामा संध्याकाळी मशीन नीट बंद करायचे तेव्हा सकाळी डिस्क दोन-तीन सेकंदांत जोडली जायची. लाईट अचानक गेली की मात्र फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या जर्नलवरून अर्धवट राहिलेली कामं पुरी करून तपासणी व्हायला २०-२५ सेकंद लागायचे. स्क्विड ११व्या सेकंदाला उठायचा. त्याच्यासमोर डिस्क नसायची, फक्त ती जोडायची रिकामी डिरेक्टरी असायची.

एरवी स्क्विड अशा वेळी ओरडून थांबतो, आणि तेच चांगलं असतं. पण युनिट फाइलमधल्या त्या तिसऱ्या ओळीने त्याचं तोंड बंद केलं होतं. -झेड म्हणजे कॅशच्या डिरेक्टऱ्या नसतील तर तयार कर. प्रत्येक वेळी सुरू होण्याआधी ती चालायची. रिकामी जागा पाहून तिने इमानाने १६ डिरेक्टऱ्या आणि प्रत्येकीत २५६, अशा ४,०९६ डिरेक्टऱ्या उभारल्या, त्याही सिस्टिमच्या एसएसडीवर. स्क्विडने त्या आपल्या मानल्या. थोड्या वेळाने खरी डिस्क त्यांच्यावरच येऊन बसली. खालचा पसारा झाकला गेला. स्क्विडला वाटे साठा रिकामा आहे, आणि तो नव्या फाइल खऱ्या डिस्कवर जुन्यांच्या डोक्यावर लिहीत सुटायचा.

ही झाकलेली डिरेक्टरी मी डोळ्यांनी पाहिली. रूट फाइल सिस्टिम दुसऱ्या जागी बाइंड-माउंट केली की डिस्कच्या खालचं दिसतं. शून्यापासून एफपर्यंतच्या त्या रिकाम्या डिरेक्टऱ्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्यावरची वेळ लाईट गेलेल्या एका रात्रीनंतरच्या पहाटेची होती.

तोवर हे का दिसलं नव्हतं? कारण आधी पत्त्याच्या अडचणीने स्क्विड पडायचा, मामा मशीन बंद-चालू करायचे, आणि तेवढ्यात तपासलेली डिस्क दुसऱ्या बूटला वेळेवर जोडली जायची. पहिला बिघाड दुसऱ्याला झाकून होता. पहिला दुरुस्त केला म्हणून दुसरा वर आला.

युनिट फाइल मग पहिल्यापासून लिहिली. -झेडची ओळ काढली. डिरेक्टऱ्या एकदाच तयार करायच्या असतात, आणि त्या माणसाने समोर बसून करायच्या. रिक्वायर्स-माउंट्स-फॉर या ओळीत कॅशचा पथ दिला. आता ती डिस्क जोडल्याशिवाय स्क्विड सुरूच होत नाही. डिस्क काढून ठेवून खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅटर कमांडने अचल केलं, म्हणजे डिस्क नसताना रूटलासुद्धा तिथे काही लिहिता येणार नाही. टाइप फोर्किंगऐवजी सिंपल केला आणि स्क्विडला फोरग्राउंडमध्ये चालवलं. पाठीमागे जाऊन बसायची जुनी पद्धत सिस्टिमडीखाली लागत नाही, प्रोसेस सरळ त्याच्या नजरेसमोर राहते. पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली) एसएसडीवर होती, ती रन डिरेक्टरीखाली नेली. तिथे ती प्रत्येक बूटला पुसली जाते. नाहीतर लाईट गेल्यावर जुनी फाइल मागे राहते, योगायोगाने त्याच क्रमांकाची दुसरी प्रोसेस असते, आणि आपण आधीच चालू आहोत असं समजून स्क्विड परत फिरतो.

पण डिस्क खरंच मेली तर? पोरांचे अर्ज कॅशसाठी अडता कामा नयेत. म्हणून दुसरी छोटी सर्व्हिस केली, तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये डिस्कची ओळच नाही. फक्त मेमरीतला साठा, तो मुळातच २५६ एमबी असतो. मुख्य सर्व्हिसमध्ये ऑनफेल्युअर (ही नापास झाली तर ती सुरू कर) लिहून तिचं नाव दिलं. इथे एक बारीक खाच आहे. रीस्टार्ट लावलेलं असताना ऑनफेल्युअर लगेच चालत नाही, सगळे प्रयत्न संपल्यावर चालतं. आणि मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्नांची. मी दोन प्रयत्नांत १० सेकंदांचं अंतर ठेवलं होतं. त्या हिशेबाने मर्यादा कधीच गाठली जात नाही, सिस्टिमडी जन्मभर प्रयत्न करत राहतो, आणि पर्यायी सर्व्हिसची पाळी येतच नाही. मोजायचा अवधी १२० सेकंद केला तेव्हा ते जुळलं.

चाचणी या वेळी घरून केली नाही. दुपारी लॅब रिकामी असताना मामांनी कॅबिनेटचा एमसीबी पाडला. तोही मशीन नीट बंद न करता, रात्री लाईट जाते तसा. एक मिनिट थांबून वर केला. मी एका टोकाच्या मशीनवर, मामा कॅबिनेटपाशी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. सर्व्हरचा पंखा लगेच फिरला. स्विचचे दिवे एकदा सगळे लागले, विझले, मग एकेक करून हिरवे झाले. पान उघडलं तेव्हा मामा म्हणाले, "दोन मिनिटं चाळीस." कॅश लॉगमध्ये साठ्याच्या नोंदी या वेळी शून्य नव्हत्या. लाईट अचानक गेल्याने साठ्याची यादी अर्धवट राहिली होती, त्यामुळे स्क्विड एकेक फाइल तपासत होता, पण तपासता तपासता पानंही देत होता.

मग मशीन बंद करून कॅश डिस्कची साटा केबल काढली आणि तेच पुन्हा केलं. सिस्टिमडीने डिस्कची ९० सेकंद वाट बघितली, मुख्य सर्व्हिस नापास झाली, आणि पर्यायी सर्व्हिस उठली. स्विच त्यानंतर तयार झाला, त्यामुळे टोकाच्या मशीनवर बसलेल्या माणसाला काही वेगळं कळायचं कारणच नव्हतं.

कॅबिनेटच्या दाराला आत एक वही दोऱ्याने बांधलेली आहे. त्यात मी बदललेल्या फाइलची नावं आणि तारीख लिहिली. खाली मामांनी आपल्या अक्षरात लिहिलं: लाईट आल्यावर मशीनला हात लावू नये. स्विचचे दिवे हिरवे होऊ द्यावेत. तीन मिनिटं.